दोन पिस्टन, एकच वजन

गेल्या रविवारी सिन्नरजवळ बाइकच्या ड्रॅग रेस होत्या. मी तपासणीच्या टेबलावर होते... एरवी सातपूरच्या एका कंपनीत मोजमापाचंच काम करते, म्हणून बोलावलं होतं.

स्टॉक क्लासमध्ये गाडी कंपनीतून येते तशीच पळवायची. पिस्टन हलका केला की इंजिन चटकन फिरतं, म्हणून त्याचं किमान वजन ठरलेलं असतं. शिवाय वजन भरत असलं तरी धातू घासून काढायचा नाही, हा वेगळा नियम. जिंकलेल्या गाडीचं इंजिन रेसनंतर उघडून तपासतात.

या वेळी मयूर जिंकला होता. चार वर्षं येतोय, पहिला नंबर पहिल्यांदाच. इंजिन त्याच्या मेकॅनिकने उघडलं... साठीचे गृहस्थ, सगळे त्यांना अण्णा म्हणत होते.

पहिला पिस्टन काट्यावर ठेवला. २१२.४ ग्रॅम, किमान वजनापेक्षा दोन ग्रॅम जास्तच. दुसरा ठेवला... तोही २१२.४.

"झालं ना मॅडम? मिरवणूक काढू का आता?" मयूर म्हणाला.

मी काटा शून्यावर आणून दोन्ही परत मोजले. तेच आकडे. कंपनीतून आलेले दोन पिस्टन सहसा इतके सारखे नसतात. भिंगाखाली घासल्याची खूण मात्र कुठेच दिसेना... म्हणजे पुरावा नव्हता, फक्त शंका होती.

मी अण्णांना विचारलं, "यातला जड होता तो घासलाय का?"

"घासलाय ना. इंजिन लय थरथरायचं. दोन्ही सारखे केल्याशिवाय मी इंजिन बांधतच नाय."

मयूर त्यांच्याकडे बघतच राहिला. "अण्णा, नाही म्हणायचं होतं ना."

"मॅडमनी विचारलं ना रे."

गॅरेजमध्ये याला चांगलं काम म्हणतात, स्टॉक क्लासमध्ये नियमभंग. मी गाडी बाद केल्याचं लिहिलं, अण्णांनी खाली सही केली. मयूर हेल्मेट उचलून निघून गेला.

अण्णा पिस्टन फडक्यात गुंडाळत होते. "मॅडम, खूण दिसली का कुठं?"

"नाही. वजनं सारखी आली म्हणून विचारलं."

"किती फरक आला?"

"काहीच नाही."

"तुमच्या काट्यावर पण?"

"हो."

"मग ठीक हाय," ते म्हणाले, आणि पाने-पक्कड गोळा करायला लागले.

निर्णय आजही तोच देईन. पण ते नाकारणार असं धरून मी पुढचे तीन प्रश्न मनात तयार ठेवले होते... एकाचीही गरज पडली नाही. त्याबद्दल अण्णांचे आभार तिथे मानायचे राहिले, म्हणून इथे लिहितेय.