न मेलेली कर्स्टीन

आर्विला लॉरिट्झनची गोष्ट ऐकून डोळे पुसले नाहीत असा माणूस आमच्या इफ्रेम गावात शोधून सापडायचा नाही. दर चोवीस जुलैला, पूर्वजांच्या दिवशी, मिरवणूक आटोपली की बागेत सगळा गाव जमायचा आणि बिशप म्हणायचे, "आता आपली आर्विला." मग आर्विला उठायची. निळा फ्रॉक, नुकतेच सेट केलेले केस, हातात कागदाचा चिटोराही नाही. पणजी मारेन आणि पणजोबा अँडर्स नवा धर्म स्वीकारून डेन्मार्कमधून कसे निघाले, बोटीतून उतरल्यावर हातगाडी ओढत शिकागोच्याही पुढची ती अफाट मैदानं कशी तुडवली, आणि प्लॅट नदीच्या काठी त्यांची पाच वर्षांची कर्स्टीन तापाने कशी गेली, सगळं ती सांगायची. मारेनने लेकीला आपल्या लग्नाच्या एप्रनमध्ये गुंडाळलं, लांडग्यांनी उकरू नये म्हणून वर दगड रचले आणि गाडीचा दांडा पुन्हा हातात घेतला. इथे आर्विला थांबायची. कुठे थांबायचं हे तिला फार चांगलं कळायचं.

आता ही गोष्ट आली कुठून? आर्विला अठरा वर्षांची असताना आजीच्या अंगणात बसून टर्की साफ करत होती. आजी म्हणजे दोर्थेया, मारेनची इथे जन्मलेली मुलगी. पिसं उपटता उपटता आजी सहज बोलून गेली, "मला एक मोठी बहीण होती, कर्स्टीन, आईबाबा निघाले तेव्हा पाच वर्षांची. तिचा पाय अधू होता. ती तिकडेच राहिली." आमच्या खोऱ्यात पूर्वजांनी कायकाय सोसलं यावरच माणसाची पत ठरते. ज्याचं कुणी मैदानात पुरलंय तो पुढच्या बाकावर. आणि हिच्या पणजीने पोर टाकून दिलेली! "आजी, असं पुन्हा कुणाजवळ बोलू नकोस हं," ती म्हणाली. दोर्थेयाने पुन्हा कधीच त्या बहिणीचा विषय काढला नाही.

आजी गेल्यावर आर्विलाने पहिल्यांदा गोष्ट सांगितली तेव्हा कर्स्टीन "बहुधा वाटेत गेली असावी" एवढंच होतं. पुढच्या वर्षी बहुधा गळालं. मग ताप आला, एप्रन आला, लांडगे आले. लोक तिखटमीठ आवडीने खातात आणि ही प्रेमाने घालत गेली. सांगून सांगून शेवटी तिलाच ते खरं वाटायला लागलं. नुसतं वाटून थांबली असती तरी चाललं असतं. आमच्यात मेलेल्यांचे राहून गेलेले धर्मविधी जिवंत माणसं मंदिरात करतात. लेकरू आईबापांशी कायमचं, मरणापलीकडेही जोडलं जावं म्हणून त्याच्या जागी कुणीतरी गुडघे टेकतं. आठ वर्षांच्या आत गेलेल्या मुलाला बाप्तिस्माही लागत नाही, नुसतं जोडलं की झालं. आर्विला सगळं घराणं घेऊन शेजारच्या मँटी गावातल्या मंदिरात गेली, पांढऱ्या कपड्यांत वेदीपाशी गुडघे टेकले आणि कर्स्टीनच्या वतीने स्वतः मारेन-अँडर्सची लेक झाली. त्या दिवशी तिला खरोखरच आईच्या मांडीवर गेल्यासारखं वाटलं होतं.

एकोणीसशे अडुसष्टच्या जुलैत, सणाच्या आदल्या दिवशी, बोडिल आली.

झालं असं की आमच्या गावचा एक पोरगा धर्मप्रचाराला डेन्मार्कात गेला होता. दारोदार फिरता फिरता तो एका म्हातारीच्या स्वयंपाकघरात जाऊन बसला आणि तिचं मन हलावं म्हणून त्याने लहानपणापासून पाठ असलेली गोष्ट तिला सांगितली. मारेन, अँडर्स, अधू पायाची कर्स्टीन... नाही, पाय त्याला ठाऊक नव्हता, तो म्हातारीने विचारला. म्हातारीने त्याला केक खाऊ घातला, गावाचं नाव नीट विचारून घेतलं आणि पुढच्या उन्हाळ्यात शिकागोला मुलाकडे आली तेव्हा बस धरून थेट इथे आली. तरुणपणी इंग्लंडात स्वयंपाकीण होती, त्यामुळे बोलायची अडचण नव्हती.

"मी बोडिल," दारात उभी राहून ती म्हणाली. "तुझ्या आईची मावसबहीण. म्हणजे तुझी मावशीच की गं."

"आईला मावशी नव्हती," आर्विला म्हणाली.

"होती. तिचीच मी मुलगी. आधी आत तर घे. आणि कॉफी टाक, बसमध्ये हाडं खिळखिळी झाली माझी."

आमच्या धर्मात कॉफी चालत नाही. आर्विलाच्या घरात तर औषधालाही नव्हती. शेजारी तिचा म्हातारा मामा सोफस राहायचा. खोऱ्यातल्या जुन्या डॅनिश लोकांनी देवाचं बाकी सगळं ऐकलं, कॉफीचं तेवढं ऐकलं नाही, त्यांच्यातलाच तो. आर्विला भांडं घेऊन त्याच्या दारात गेली.

"तुझ्या घरी कॉफी?" सोफस मामा म्हणाला. "थांब, आधी बिशपला फोन करतो. जगबुडी आली म्हणून सांगतो."

"मामा, थट्टा नको. पाहुणी आलीय. म्हणे, कर्स्टीनची मुलगी."

मामाचं हसू मावळलं. त्याने कॉफीची किटलीच उचलली आणि तिच्याबरोबर आला. दारातून बोडिलकडे बघताच तो डॅनिशमध्ये काहीतरी पुटपुटला. म्हातारीचा चेहरा थेट दोर्थेयासारखा होता. तशीच हनुवटीवर खळी, तसंच बोलताना मान कलती करणं.

बोडिल दोन कप कॉफी प्यायली आणि मग कुणाला दोष देत नसल्याच्या सुरात सांगू लागली. "माझी आई पाच वर्षांची होती. पाय वाकडा. हातगाडी ओढत जायचं म्हटल्यावर न चालणारी पोर कोण ओढणार? म्हणून मारेनने तिला बहिणीकडे ठेवलं. पुढच्या वर्षी न्यायला येतो म्हणाली. आता गंमत ऐक. तिकडच्या एका हाडवैद्याने पाय बांधला आणि पुढच्या वर्षी पोरगी चर्चपर्यंत पळत जायला लागली. न्यायला मात्र कुणी आलं नाही."

"निरोप तरी..." आर्विला म्हणाली.

"मारेनच्या बहिणीने कळवलं होतं की पोर चालते म्हणून. इकडून काही उत्तर नाही. आई शिवणकाम शिकली, लग्न केलं, चार मुलं झाली, ऐंशी वर्षं जगली. वाईट नाही जगली. मारेनचं नाव मात्र काढू द्यायची नाही. म्हणायची, 'वर गेल्यावर ती जिथे बसली असेल, मला तिच्यापासून दुसऱ्या टोकाला बसवा.'"

सोफस मामा भाचीकडे बघत होता. आर्विलाला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. कारण दुसऱ्या टोकाला बसू मागणाऱ्या त्या बाईला हिने अनंत काळासाठी आईच्या मांडीला बांधून टाकलं होतं. तिला कुणी विचारलं होतं? हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

लपवण्यात अर्थ नव्हता. तिने मंदिरातलं सगळं सांगितलं. बोडिल रागावली असती तर बरं झालं असतं.

"माझा तुमच्या त्या गाठींवर विश्वास नाही," बोडिल शेवटी म्हणाली. "पण तुझा आहे ना? मग तुझ्या लेखी माझी आई तिथे बसलीय. तिला सोडव. एवढंच मागते मी."

"त्यासाठी चर्चच्या वरिष्ठांपर्यंत विचारावं लागेल. आधी बिशपना सांगायला हवं की ती... लहानपणी गेलीच नव्हती."

"मग सांग की."

"उद्याच सांगते," आर्विला तिचा हात धरून म्हणाली. "सगळ्यांसमोर. बिशप तिथेच असतील. मावशी, शप्पथ."

"बघ हं," सोफस मामा म्हणाला. "झाकली मूठ आहे. उघडायला दम लागतो."

"उघडणार आहे मी," आर्विला जरा चिडूनच म्हणाली, आणि तेव्हा तिच्या मनातही तेच होतं. सकाळी केस विंचरताना तिने पहिलं वाक्यसुद्धा ठरवलं. आज मी एक वेगळी गोष्ट सांगणार आहे.

बागेत नेहमीसारखी गर्दी होती. टर्कीचे सँडविच, बटाट्याचं सॅलड, पिंपातली घरगुती, बिनदारूची रूटबीअर. बोडिल पहिल्या रांगेत बसली, शेजारी सोफस मामा. बिशपांनी नाव पुकारलं. आर्विला माइकपुढे गेली आणि तिने लोकांकडे पाहिलं. त्यांनी रुमाल आधीच काढून ठेवले होते. बायका पोरांना गप्प करून मांडीवर घेत होत्या.

"आज मी..." ती म्हणाली.

या सगळ्यांना काय सांगू? माझी पणजी लंगडी पोर टाकून आली, आणि मी तुम्हाला इतकी वर्षं फुकट रडवलं? नवरा वर्ल मागे उभा राहून अभिमानाने हसत होता.

"आज मी तुम्हाला माझी पणजी मारेन हिच्याबद्दल सांगते," आर्विला म्हणाली, आणि एकदा गाडी त्या चाकोरीत गेल्यावर बाहेर निघेना. नदी आली, ताप आला, एप्रन आला. भयंकर म्हणजे त्या दिवशी गोष्ट कधी नव्हे इतकी रंगली. लाजेने आवाज कापत होता, लोकांना ते दुःख वाटलं. तिने एक नवं वाक्यही घातलं. मरताना कर्स्टीन म्हणाली, "आई, माझा हात सोडू नकोस." हे तोंडून गेलं तेव्हा सोफस मामा उठला, टोपी घातली आणि कुणाकडे न बघता बागेबाहेर निघून गेला. बोडिल बसून राहिली. सगळ्यांबरोबर तिनेही टाळ्या वाजवल्या.

जेवणाच्या टेबलापाशी आर्विला सॅलड वाढत उभी होती. मान वर करायची तिची हिंमत नव्हती. बोडिल ताटली घेऊन तिच्यासमोर आली आणि हळूच म्हणाली, "तुझ्या गोष्टीतली मारेन निदान रडते तरी. माझ्या आईला ती निघाली तेव्हाची तिची पाठ तेवढी आठवायची."

"मावशी, मी... मी संध्याकाळी बिशपना एकटीच भेटून..."

तेवढ्यात शेजारची थेल्डा मधे घुसली. मोठ्या मनाची बाई, पण जीभ त्याहून मोठी. "अगंबाई, ह्याच का डेन्मार्कच्या पाहुण्या? कुठल्या हो तुम्ही? मारेनच्या गावच्या?"

"हो," बोडिल म्हणाली. "त्याच गावची."

"काय सांगता! आत्ताच गोष्ट ऐकली, अजून काटा आहे अंगावर. मग तिकडे मारेनचं कुणी मागे उरलंय का?"

बोडिल आर्विलाकडे बघत राहिली, वाट बघत राहिली. थेल्डाही आता आर्विलाकडे बघू लागली. आर्विलाने सॅलडचा मोठा चमचा भांड्याच्या कडेवर निपटला, पुन्हा भरला, पुन्हा निपटला.

"नाही," अखेर बोडिल म्हणाली. "कुणी नाही उरलं."

थेल्डा चुकचुकली. आर्विलाने होकारार्थी मान हलवली आणि बोडिलच्या ताटलीत सॅलड वाढलं.