शटरवाल्याची पडवी

३ मार्चला सत्तेचाळीस हजार आठशे रुपये हा आकडा ऐकून माझे साडू भर दुकानात इतक्या मोठ्यांदा हसले, की दुकानदाराने आपलंच काही चुकलं की काय म्हणून किमतीची चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. वस्तू साधी होती. गाडीच्या टपाच्या कडेला बसवायची कापडाची गुंडाळी. ओढली की बाहेर येते, पुढच्या दांडीचे दोन पाय जमिनीवर टेकवले की गाडीच्या कुशीला छप्पर तयार. कॅम्पिंगला जाणारी मंडळी तिला ऑनिंग म्हणतात आणि तिच्याखाली घडीच्या खुर्च्या टाकून निसर्गात आल्यासारखं तोंड करून बसतात.

"हे काय आहे सांगू का?" साडू म्हणाले. "आडवं शटर. तेही कापडाचं. एवढ्या पैशात मी अख्ख्या गल्लीला शटरं बसवून देतो."

"मग बनवा की घरी," दुकानदार म्हणाला.

त्याने हे बोलायला नको होतं. शहाणा माणूस आमच्या साडूंना असं काही सुचवत नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सगळे त्यांना शटरवालेच म्हणतात. आमच्या सासूबाईसुद्धा म्हणायच्या, आणि त्या काही कौतुकाने म्हणत नसत. सोळाव्या वर्षी एका मिस्त्रीची शिडी खांद्यावर घेऊन ते या धंद्यात आले ते अजून बाहेर पडलेले नाहीत. कोणाच्याही घरी गेले की आधी दाराच्या बिजागऱ्या बघतात, मग माणसं. त्यांच्या कारखान्यात, म्हणजे लोखंडी पट्ट्या, ग्रीसचे डबे आणि अर्धवट प्यायलेले चहाचे कप यांच्यामधून जी काही जागा उरते तिथे, भिंतीवर एकच वाक्य रंगवलेलं आहे: "आमचं शटर एका बोटाने वर." गिऱ्हाइकाला ते खरंच करंगळीने शटर वर ढकलून दाखवतात. वर गुंडाळीच्या पाइपात स्प्रिंग असते, तिला किती पीळ द्यायचा यात सगळी कला, असं ते म्हणतात. कलेचा उल्लेख ते दिवसातून बऱ्याचदा करतात.

लग्नही शटरमुळेच जमलं. ताई, म्हणजे माझ्या बायकोची ही थोरली बहीण, तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. एकदा कामाची पाळी संपायच्या वेळी तिथलं शटर अडकलं, बायका आत आणि हे बाहेर. ताई आतून सूचना देत होती, हे बाहेरून "तुम्हाला यातलं काय कळतं" म्हणत होते. अर्धा तास दोघं पत्र्याआडून भांडले, एकमेकांचं तोंड न बघता. शटर वर गेल्यावर तोंडं दिसली तेव्हा उशीर झाला होता. पुढची चौतीस वर्षं त्याच भांडणाचा उरलेला भाग चालू आहे.

तर या ताईला दोन वर्षांपूर्वी उन्हाचा आजार जडला. ऊन लागलं की अंगावर लाल चट्टे उठायचे आणि ताप भरायचा. डॉक्टरांनी लांबलचक नाव सांगितलं, त्याहून लांब औषधांची यादी दिली आणि दिवसाढवळ्या बाहेर पडू नका म्हणून सांगितलं. ताईला पाण्याकाठी बसायचं वेड. गावाबाहेरच्या तलावावर ती दर रविवारी जायची, नुसती बसायला. ते बंद झालं. दिवसभर पडदे ओढलेल्या खोलीत बसून ती रेडिओवर बोलणाऱ्यांची व्याकरणं दुरुस्त करायची. सूर्य मावळला की गॅलरीत यायची, आणि तेव्हा दिसायचं काय, तर समोरच्या इमारतीतली माणसं टीव्ही बघताना.

"छत्री घेऊन जाऊ या ना," माझी बायको एकदा म्हणाली.

"दिवसभर छत्री कोण धरणार? माझा हात आहे तो, विजेचा खांब नाही."

दुकानातून परत आल्यावर साडूंनी ताईसमोर जाहीर केलं, "मी व्हॅनला पडवी काढतोय. तुला तलावावर नेतो. दिवसा."

ताईने रेडिओ बंद केला. "एकदा येईन," ती म्हणाली. "एकदाच. ऊन आलं म्हणून मला उठून गाडीत जाऊन बसावं लागलं, तर पुन्हा तलावाचं नाव काढायचं नाही. मी उगाच आशा लावून घेणार नाही."

ती हे हसत म्हणाली नाही. साडूंनी त्या रात्री जेवताना कलेचा विषय काढला नाही, यावरून मला प्रकरण गंभीर आहे ते समजलं.

महिनाभर ते पडवीच्या मागे होते. जाड हिरवं कापड आणलं, शटरचा पाइप कापून व्हॅनच्या टपाला बसवला, आत शटरचीच स्प्रिंग घातली, बाजूला एक खटका दिला. खटका ओढला की स्प्रिंग सुटते. मला मुद्दाम बोलावून दाखवलं. खटका ओढला आणि सर्रकन् आवाज करून सगळं कापड वर गेलं. पुढची दांडी व्हॅनवर अशी आदळली की दोन घरं पलीकडचं कुत्रं भुंकायला लागलं.

"एका बोटाने," साडू म्हणाले.

"जरा जोरात नाही का गेलं?" मी विचारलं.

"ऑडिटसाहेब, तुम्ही वह्या तपासा." मी एका कंपनीत हिशेब बघतो, पुढच्या वर्षी निवृत्त होईन, साडूंच्या लेखी मी आयुष्यभर इतरांच्या चुका शोधण्याचा पगार खाल्ला.

माझी बायको कापडाकडे बघत म्हणाली, "भाऊजी, पडवी नाव ठेवलंत खरं. पडणार नाही ना?"

"पडवी पडत नसते. लोक पाडतात."

रविवारी सकाळी आम्ही चौघं निघालो. व्हॅनवर मोठ्या अक्षरांत "शटर अडकलं? घाबरू नका" असं लिहिलेलं आहे, त्यामुळे तलावावरच्या कॅम्पिंगच्या जागेत आमचं स्वागत जरा थट्टेनेच झालं. तिथे पांढऱ्या दगडांनी चौकोन आखलेले आहेत, एका गाडीला एक चौकोन. शेजारच्या चौकोनात एक दातांचा डॉक्टर सहकुटुंब आला होता. त्याच्याकडे दुकानातलं ऑनिंग होतं, घडीचं टेबल होतं, घडीचं बेसिन होतं. बायकोही घडी करून आणता आली असती तर त्याने आणली असती, असं ताई कुजबुजली.

साडूंनी कापड ओढून बाहेर काढलं, दांडीचे पाय टेकवले, खुंट्या ठोकल्या. हिरवी सावली पडली. पूर्ण बाह्यांचा झगा आणि रुंद काठाची टोपी घालून ताई व्हॅनमधून उतरली आणि तलावाकडे तोंड करून खुर्चीत बसली. साडूंनी नाक शिंकरलं, ते सर्दीमुळे, असं त्यांनी नंतर सांगितलं.

तासभर सगळं छान चाललं. मी दांडीला वर्तमानपत्र अडकवलं होतं, बायकोने तिचा रुमाल वाळत घातला होता. ऊन जरा सरकलं आणि ताईच्या पायाच्या बोटांपाशी आलं. कापड अजून हातभर बाहेर यायचं बाकी होतं.

"अहो," ताई म्हणाली, "अजून थोडं उघडा."

आता शटरवाल्याच्या भाषेत उघडणं म्हणजे वर नेणं. खाली ओढलं की बंद, वर गेलं की उघडं. चाळीसेक वर्षं ज्या माणसाने "उघडा" हा शब्द ऐकून एकच गोष्ट केली, त्याने तीच केली. त्याने खटका ओढला.

सर्रर्र धाड! खुंट्या भुसभुशीत मातीतून दातांसारख्या निघाल्या. छप्पर, दोन पाय, माझं वर्तमानपत्र आणि बायकोचा रुमाल हे सगळं मिळून व्हॅनच्या टपावर जाऊन गुंडाळलं गेलं. ताई भर उन्हात एकटी खुर्चीत बसलेली.

"उघडलं," साडू पुटपुटले. मग त्यांना कळलं.

मी चटई उचलली, एक टोक बायकोने धरलं, एक मी, आणि आम्ही ती ताईच्या डोक्यावर धरून उभे राहिलो. ताईने मान वळवून व्हॅनच्या दाराकडे पाहिलं. दार उघडंच होतं.

"बसतेस का आत?" माझ्या बायकोने हळूच विचारलं.

साडू तेवढ्यात पान्हा घेऊन टपावर चढले होते. "नाही बसत ती!" वरून ओरडले. "बसू नकोस. चटईखाली थांब. मी आत्ता करतो."

"काय करणार?"

"स्प्रिंग काढतो."

हे ऐकून मीसुद्धा वर पाहिलं. स्प्रिंग काढली की एका बोटाची गोष्ट संपली. मग ती पडवी हाताने ओढायची, हाताने गुंडाळायची, दोन माणसांनी घामाघूम होऊन, सतरंजीसारखी. मूळ चूक अशी होती की त्यांनी स्प्रिंगला पीळ दिला होता लोखंडी शटरच्या वजनाचा. कापडाला वजन ते काय? पण पीळ कमी करत बसायला वेळ नव्हता. वर खडखडाट झाला, शिव्या झाल्या, दातांच्या डॉक्टरने आपल्या मुलांना दुसरीकडे बघायला सांगितलं. मग स्प्रिंग खाली येऊन मातीत पडली. साडूंनी कापड हाताने ओढून, या वेळी पूर्ण बाहेर काढलं.

"हे आता शटर राहिलं नाही," ते म्हणाले. चेहरा असा की घरातलं कोणी गेलंय.

"मला शटर नकोच होतं," ताई म्हणाली. "पाणी द्या."

आम्ही चटई खाली ठेवली. माझ्या दंडात गोळे आले होते, त्याची कोणी विचारपूस केली नाही.

दुपारी दोननंतर खरी पंचाईत सुरू झाली. ऊन व्हॅनच्या मागच्या टोकाकडून, कापडाखालून तिरपं आत येऊ लागलं. खुर्ची सरकवून सरकवून कोपऱ्यात नेली. पुढे जागाच नव्हती. कापड कितीही मोठं असलं तरी सूर्य त्याच्या खालून वाकून बघणार, हे दुकानदाराने सांगितलं नव्हतं, आणि साडूंना दुकानांची तोंडं एकाच दिशेला असायची सवय.

"व्हॅन फिरवायला हवी," मी म्हणालो. "ताई, तेवढा वेळ जरा आत..."

"मी उठणार नाही."

"दोनच मिनिटं, ताई."

"नाही. मी इथे बसते. गाडी माझ्याभोवती फिरवा."

साडूंनी तिच्याकडे पाहिलं, आणि बहुधा चौतीस वर्षांत पहिल्यांदाच, "तुला यातलं काय कळतं" असं ते म्हणाले नाहीत. सरळ गाडीत जाऊन बसले. मी खुंट्या उपटल्या आणि पुढच्या दांडीचा एक पाय उचलून धरला. दुसऱ्या पायाला माणूस नव्हता, बायको चाकांच्या वाटेतले पांढरे दगड बाजूला करत होती. दातांचा डॉक्टर घडीच्या खुर्चीतून उठून आला.

"तुम्ही नक्की कुठे चाललात?" त्याने विचारलं.

"सावलीत," मी म्हणालो. "धरा."

व्हॅन रिव्हर्समध्ये पडली. ताई मध्ये, खुर्चीत, आणि तिच्याभोवती व्हॅन उलटी, मुंगीच्या पावलांनी फिरतेय. बाहेर आलेलं छप्पर आम्ही दोघं देवळातल्या खांबांना पाय फुटल्यासारखे घेऊन चाललोय. ताईचा ऑपरेटरचा आवाज अजून शाबूत आहे.

"डावीकडे. अजून. थांबा! थांबा म्हटलं की थांबायचं, विचार करायचा नाही. डॉक्टर, तुमची बाजू खाली आली, ऊन येतंय माझ्या खांद्यावर. वर घ्या."

"सॉरी," डॉक्टर म्हणाला.

"तोंडाने नको, हाताने."

आम्ही आमचा चौकोन ओलांडला, डॉक्टरच्या उलट बाजूचा रिकामा चौकोन ओलांडला, तिसऱ्यात चाकं थांबली. चारच्या सुमाराला अजून थोडं फिरवलं. तेव्हा डॉक्टर न बोलावता आला, त्याला त्यात गोडी लागली होती. ताईने सहा वाजेपर्यंत काहीही केलं नाही, आणि ते ती फार मन लावून करत होती. पाण्याकडे बघत होती. एकदा म्हणाली, "ते बदक सकाळपासून त्या दुसऱ्याच्या मागे लागलंय. मूर्ख आहे." तेवढंच. अंगावर एकही चट्टा उठला नाही; माझ्या बायकोने दोनदा बाह्या वर करून बघितलं आणि दोनदा बोलणी खाल्ली.

सूर्य डोंगराआड गेल्यावर ताई उठली, चपला काढल्या आणि घोट्यापर्यंत पाण्यात जाऊन उभी राहिली. साडू पडवी गुंडाळत होते. हाताने. मी एका टोकाला होतो. कापड वाकडं गुंडाळलं जात होतं आणि ते दर वळशाला दातओठ खात होते, पण नजर पाण्याकडे.

निघताना जागेचा पहारेकरी शिट्टी वाजवत आला.

"तुमच्या दोन जागा जास्तीच्या लागल्या. नव्वद-नव्वद."

"गाडी एक आहे," साडू म्हणाले.

"पण तीन चौकोनांत फिरली ना?"

"गाडी कुठे फिरली? सूर्य फिरला. त्याच्याकडून घ्या."

"सूर्य जागेवरच असतो साहेब. शाळेत शिकवलंय. फिरली ती तुमची गाडी."

साडूंनी खिसा चाचपला. मी माझा चाचपला. सकाळी डिझेल भरलं होतं, दोघांचे मिळून नव्वदच निघाले.

ताई ओल्या पायांनी वर आली आणि तिने ते आमच्या हातातून घेतले. "हे घ्या नव्वद," ती पहारेकऱ्याला म्हणाली. "दुसरे पुढच्या रविवारी. मी स्वतः येऊन देते."

साडू व्हॅनमध्ये जाऊन बसले आणि चावी सापडत नसल्यासारखं करत राहिले. चावी लावलेलीच होती.

आज बुधवार आहे. दुसऱ्या चौकोनाचे नव्वद रुपये द्यायचे बाकी आहेत.