वहीतला तयार अर्ज

कपाट आवरताना आज जुनी वही सापडली. निजामी गेली आणि मी कारकून होतो त्या गंगाखेडच्या कचेरीत उर्दूच्या जागी मराठी आली, तेव्हा अर्जांचे तयार मजकूर मी दोन्ही भाषांत या वहीत जमवायचो आणि मागेल त्याला द्यायचो.

एका दुपारी बोरीहून माझे वडील वारल्याची तार आली. मी वही उघडली आणि शिपाई सखारामचे वडील वारले तेव्हा त्याच्यासाठी केलेला रजेचा अर्ज जसाच्या तसा उतरवला.

शेजारचा कारकून डोकावला. "मजकूर लय चांगला हाय. कुणासाठी लिहायलाव?"

"माझ्यासाठीच."

रजा लगेच मंजूर झाली. मोटारीत बसल्यावर ध्यानात आलं, अर्जात सखारामच्या वडिलांचंच नाव राहिलं होतं.

मी खाली उतरलो नाही.