मागच्या खोलीतला ऑक्टोबर

लुडविक पुचेलचा राग सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी सुरू होतो. त्या दिवशी मारोल्टच्या बारमधल्या मोठ्या टीव्हीवर फुटबॉल लागतं, चेंडू हातात धरून धावायचं अमेरिकन फुटबॉल. एप्रिलपासून रोज संध्याकाळी त्याच टीव्हीखालच्या स्टुलावर बसून लुड बेसबॉल पाहत आलेला असतो. रविवारी जर्सी घातलेली माणसं दारातूनच ओरडत आत येतात आणि त्याच्या स्टुलावर कोट फेकतात.

"यांचं बरं आहे," लुड म्हणतो. "आठवड्यातून एकदा यायचं, छाती बडवायची आणि सोमवारी तोंड पाडून कामावर जायचं. आम्ही रोज हरतो. हरायलाही अंगात दम लागतो."

लुड एकाहत्तर वर्षांचा आहे. सरोवराच्या काठावरच्या आमच्या या शहरात तो जन्मला आणि इथल्याच बोल्टच्या कारखान्यात त्यानं नोकरी केली. कारखाना मेक्सिकोला गेला, तेव्हा नोकरीही गेली. बायको ग्लोरिया त्याच्या आदल्या वर्षीच फ्लोरिडाला निघून गेली होती. मार्चमध्ये तिकडे बेसबॉलचा सराव चालतो, एवढी एकच चांगली गोष्ट तो त्या राज्याबद्दल सांगतो.

शाळेच्या बेसबॉल टीममध्ये तो कॅचर होता, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा, आणि चांगला होता. शेवटच्या वर्षी फुटबॉलच्या प्रशिक्षकानं दंडाला धरून त्याला आपल्या टीममध्ये नेलं, कारण पुढच्या फळीत रुंद अंगाची पोरं कमी पडत होती. ऑक्टोबरमधल्या एका शुक्रवारी, चिखलात, तिघं जण त्याच्या डाव्या गुडघ्यावर पडले. कॅचरला दिवसभर उकिडवं बसावं लागतं. लुड त्यानंतर उकिडवा बसलेला नाही.

"गुडघ्याचा काही संबंध नाही," तो सांगतो. "मला तो खेळ आधीपासूनच आवडत नव्हता. चेंडू कुठवर गेला ते साखळी आणून मोजावं लागतं. तो काय खेळ आहे? ती जमिनीची मोजणी झाली."

त्याच्या मते बेसबॉलचा खरा महिना ऑक्टोबरच. उन्हाळ्यातल्या चुका तोवर भरून निघालेल्या असतात किंवा कायमच्या अंगाला चिकटलेल्या असतात. दुपार कलली की स्टेडियमची सावली मैदानावर सरकते. चेंडू टाकणारा पिचर उन्हात उभा असतो आणि बॅटर सावलीत. चेंडू उजेडातून अंधारात येतो आणि मधेच दिसेनासा होतो. नेमका हाच महिना फुटबॉलवाल्यांनी बळकावला, ही त्याची तक्रार. आमची बेसबॉल टीम ऑक्टोबरपर्यंत क्वचितच टिकते, हे कोणी सुनावलं तर तो दोन दिवस त्या माणसाशी बोलत नाही.

सहा वर्षांपूर्वी टीम टिकली. न्यूयॉर्कशी पाच मॅचची मालिका होती, दोघांच्या दोन-दोन झाल्या आणि पाचवी आली रविवारी दुपारी. त्याच दुपारी आमची फुटबॉल टीमही शहरात खेळणार होती. शुक्रवारी लुड बारच्या मालकिणीसमोर जाऊन उभा राहिला. जोअ‍ॅन मारोल्टनं नवरा गेल्यापासून बार एकटीनं चालवलेला आहे, आणि ती कुणाचं ऐकून घेत नाही.

"रविवारी मोठ्या टीव्हीवर बेसबॉल," लुड म्हणाला. "आवाजासकट."

"रविवारी फुटबॉल. मागच्या खोलीत लहान टीव्ही आहे, त्याच्यावर बघ."

"तो संडासाशेजारी आहे."

"मग सोयच झाली की तुझ्या वयाला."

"जोअ‍ॅन, मोठ्यावर नाही लावलंस, तर रविवारनंतर या दारात पाय ठेवणार नाही मी."

"नको ठेवूस," जोअ‍ॅन ग्लास पुसत म्हणाली. "जाताना दार ओढून घे. थंडी येते."

हे सगळं चार माणसांदेखत झालं, त्यामुळे शब्द मागे घ्यायची सोय राहिली नाही. लुडच्या घरी टीव्ही आहे. पण घरी भांडायला कोणी नाही. मारोल्टचं दार बंद झालं, तर त्याला जायला दुसरं दार नव्हतं, आणि ते बारमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

रविवारी तो आला. शेवटचं येणं, असं त्यानं मोठ्यानं सांगितलं. सॉसेज आणि आंबवलेल्या कोबीची बशी घेऊन तो सरळ मागच्या खोलीत गेला आणि अँटेनावर चालणाऱ्या लहान टीव्हीसमोर पत्र्याच्या खुर्चीत बसला. नऊपैकी सात इनिंग तो एकटाच होता. न्यूयॉर्क चार रननं पुढे होतं.

आठव्या इनिंगच्या सुमाराला पुढे फुटबॉलचं मध्यंतर झालं. फुटबॉल टीम एकतीस-तीन असा मार खात होती. बरेच जण घरी निघून गेले. उरलेल्यांपैकी सहा-सात जण संडासासाठी मागे आले. त्यांच्यात सगळ्यात पुढे डेल ओस्ट्रँडर होता, लुडच्या धाकट्या बहिणीचा नवरा. हातात चिकन विंग्जची बशी, अंगात सप्टेंबरपासून न धुतलेली जर्सी. ती धुतली तर टीम हरते, अशी त्याची श्रद्धा.

"काय रे म्हाताऱ्या," डेल म्हणाला, "तुझे पण मेले का?"

त्याच क्षणी आमच्या पहिल्या बॅटरनं चेंडू मारला आणि तो बेसवर पोचला. पाठोपाठ दुसराही पोचला. लुडनं वळून न पाहता हात वर केला.

"हलू नका."

"अरे, मला जायचंय."

"जागचा हलू नकोस, डेल. तू तिथं येऊन उभा राहिलास आणि हे सुरू झालं. राहा तिथंच."

बाहेरच्या माणसाला हा वेडेपणा वाटेल. इथं वाटत नाही. रन निघायला लागल्या की जो जिथं असेल त्यानं तिथंच राहायचं, हा नियम इथं पोरांनासुद्धा माहीत असतो, आणि सहा आठवड्यांची घामट जर्सी घातलेल्या माणसाला त्याच्याविरुद्ध बोलायला तोंड नव्हतं. डेल एक पाय खोलीत आणि एक बोळात ठेवून थांबला. बाकीचे भिंतीला टेकले. एक रन आली. मग दुसरी. दोघं आउट झाले, तिसरा झाला की इनिंग संपणार होती, पण तिन्ही बेसवर आमची माणसं उभी होती. एक चांगला फटका बसला असता, तर बरोबरी काय, आघाडीच मिळाली असती.

"साल्या, माझी मूत्रपिंडं फुटतील," डेल कुजबुजला.

"दोन आहेत तुला. एक फुटू दे."

पुढची खोली जवळपास रिकामी झाली होती. जोअ‍ॅननं वर पाहिलं, फुटबॉलचे आकडे पाहिले आणि चॅनेल बदललं. मग आवाज पूर्ण वाढवला. स्टेडियमची गर्जना बोळातून मागे आली.

"लुड!" ती ओरडली. "मोठ्यावर लावलंय. आवाजासकट. ये आता पुढे आणि कटकट संपव."

सगळे लुडकडे पाहत होते. सतरा पावलांवर त्याचं स्टूल रिकामं होतं.

"जा की," डेल म्हणाला. "हेच मागत होतास ना?" त्याच्या आवाजात गोडवा होता, आणि डेलच्या आवाजात गोडवा आला की सावध राहावं, हे लुडला तीस वर्षांपासून माहीत होतं.

"गप्प बस."

"जोअ‍ॅन वाट बघतेय. नाही गेलास, तर ती पुन्हा फुटबॉल लावेल."

लुड उठला. डावा गुडघा नेहमीसारखा वाजला. तो डेलला ओलांडून बोळात आला, आणि मोठा टीव्ही त्याला समोर दिसला. त्यावर पिचर अजून चेंडू हातात घेऊन उभा होता. तेवढ्यात मागून, लहान टीव्हीसमोरून, सात माणसांचा कण्हल्यासारखा आवाज आला.

मोठा टीव्ही केबलवर होता, आणि केबल अँटेनापेक्षा काही सेकंद मागे चालते. मोठ्या टीव्हीवर पिचरनं आत्ता चेंडू टाकला. बॅटरनं तो उंच मारला. समालोचक किंचाळला. स्टेडियम उठून उभं राहिलं. न्यूयॉर्कचा खेळाडू कुंपणापर्यंत धावत गेला, आणि लुड बोळात उभा राहून, आवाजासकट, आधीच संपलेली गोष्ट शेवटपर्यंत पाहत राहिला. झेल कुंपणाला चिकटून घेतला गेला. नवव्या इनिंगमध्ये काहीच झालं नाही.

"तू हललास," डेल म्हणाला आणि संडासात गेला.

लुडनं कोट घेतला आणि मागच्या दारानं निघून गेला. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला बहिणीनं जेवायला बोलावलं. त्यानं स्वयंपाकघरात उभ्यानं टर्की खाल्ली, कारण बाहेरच्या खोलीत डेल होता आणि फुटबॉल होतं. सगळा हिवाळा त्यानं मारोल्टचं दार पाहिलं नाही. डेलनं ही कथा शहरभर सांगितली, आणि दर वेळी लुडची पावलं एका पावलानं वाढवली.

एप्रिलमध्ये हंगामाच्या पहिल्या दिवशी लुड आत आला आणि स्टुलावर बसला. जोअ‍ॅननं न विचारता बिअर ठेवली.

"शपथ घेतली होतीस ना?"

"तू लावलंस ना मोठ्यावर? मग शपथ उरली कुठं?"

"हे हिवाळ्यात का नाही सुचलं?"

"हिवाळ्यात इथं बघायचं काय? फुटबॉल?"

त्यानंतर त्यानं रविवारी मोठा टीव्ही कधी मागितला नाही. सप्टेंबरचा पहिला रविवार आला की तो आपणहून बशी घेऊन मागे जातो. डेलशी बोलत नाही. डेल बोलतो, रोज, आणि विषय एकच असतो.

गेल्या ऑक्टोबरमध्ये आमची टीम केव्हाच बाहेर पडली होती. लुड मागच्या खोलीत न्यूयॉर्कची मॅच पाहत होता. न्यूयॉर्कवाले मागे होते आणि त्यांचे बॅटर एकामागून एक बेसवर पोचू लागले होते. पुढच्या फुटबॉलच्या मध्यंतरात डेल बशी घेऊन आला आणि सवयीनं दारात थबकला.

लुड पाच वर्षांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलला.

"थांबलास कशाला? हल."

"काय?"

"आत जा, बाहेर ये, पुन्हा आत जा. चालत राहा, गाढवा. न्यूयॉर्क खेळतंय."

डेलनं टीव्हीकडे पाहिलं. बशी खुर्चीवर ठेवली. आणि ती इनिंग संपेपर्यंत तो बोळातून संडासापर्यंत आणि संडासापासून बोळापर्यंत येरझाऱ्या घालत राहिला. न्यूयॉर्कचे तिघं ओळीनं आउट झाले.

"आता नीघ," लुड म्हणाला. "आणि ती जर्सी धू. वास येतोय."