हरभऱ्याएवढी रोपं
पेरणीसाठी वाळू भिजवली की त्या वासासरशी सांगलीचा नर्सरीवाला आठवतो आणि अजून डोकं तापतं. निवडुंगाच्या कुंडीचा भाव तो कमी करेना, तेव्हा मी चिडून त्याच्याकडूनच बिया घेतल्या आणि "वर्षात रोपं आणून दाखवतो," म्हणालो. ऊस वर्षात डोक्याच्या वर जातो, त्या हिशेबाने बोललो होतो. वर्षाने त्या बिया पेरलेला डबा घेऊन गेलो, तेव्हा रोपं जेमतेम हरभऱ्याएवढी होती. "आवं, रोपं कुठं हायत?" म्हणत तो गिऱ्हाइकांसमोर खदाखदा हसला. मग चष्मा लावून वाकला आणि हळूच म्हणाला, "बियांपासनं माझं एक रोप जगत न्हाई. डबा द्या, ती फुललेली कुंडी न्या." "न्हाई जमायचं," म्हणून मी डबा उचलला. ती रोपं आता मुठीएवढी झालीत. काल एकाला फूल आलं, आणि त्या नर्सरीवाल्याला फोटो पाठवल्याशिवाय मी चहाही घेतला नाही.