आमच्या नेटचे पाटकरी

ये गं, अशी जवळ सरक. तुमच्या घरचं नेट तुटलं की त्या पेटीला थपडा काय मारतेस? ती काय अडून बसलेली म्हैस आहे? ऐक जरा. घरातलं तुटकं नेट जोडावं तर या जगात एकाच माणसानं, आणि ते म्हणजे आमचे व्याही, माझ्या सुनेचे वडील.

व्याह्यांनी सगळी नोकरी बेलापूरकडच्या पाटावर काढली. कुठल्या चारीला पाणी कधी सोडायचं, कुणाची पाळी संपली, कुणी मधेच अडवलंय, हे बघण्यात हयात गेली. निवृत्त झाले, पण डोक्यातला पाट काही थांबला नाही. पंगतीला वाढायला उभे राहिले तरी भाजी शेवटच्या ताटापासून सुरू करतील. का, तर ‘टेलच्याला आधी,’ म्हणजे पाटाच्या पार शेवटी बसलेल्याला. पहिल्या पाटावरच्या जावयालासुद्धा थांबावं लागतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तर काय झालं, सुनेनं लेकरासाठी नोकरी सोडली होती. चार वर्षांनी घरी बसून करायचं चांगलं काम चालून आलं. मुलाखत लॅपटॉपवर. आणि बोलता बोलता नेट तीनदा तुटलं! साहेबांनी पुन्हा एकदा वेळ दिली, पण बजावलं, परत असं झालं तर राहू द्या. पोरगी दोन दिवस धड जेवली नाही. मी नुसतं मन मोकळं करायला व्याह्यांना फोन केला, तर दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं माणूस संगमनेरात हजर. हातात खडू.

“विहीनबाई, नेट आन् पाटाचं पानी येकच. टेलला पोचत न्हाई म्हंजी वर कुनीतरी अडवलंय.”

आधी सगळ्यांचे मोबाईल काढून घेऊन माझ्या परातीत ठेवले. “आज दुपारी दोन ते तीन लेकीची पाळी. बाकीच्यांनी दारं बंद!” आमचे हे दुसरा मोबाईल घेऊन न्हाणीघरात क्रिकेट बघत बसलेले. व्याह्यांनी बाहेरून कडी वाजवली, “पाव्हनं, पानीचोरी हाय ही!”

मग सुनेचा मोबाईल हातात धरून ते मागच्या खोलीतून पेटीकडे निघाले. दर पावलाला थांबायचं, रेंजच्या कांड्या मोजायच्या आणि फरशीवर खडूनं आकडा लिहायचा. एक, एक, पुन्हा एक. माझ्या गव्हाच्या कोठीला वळसा घातला आणि एकदम चार!

“ही पत्र्याची कोठी हितं कवा आली?”

“नवा गहू भरला तेव्हा. ती पेटी बरी दिसत नव्हती, म्हणून तिच्यापुढेच सरकवली.”

“आन् नेट कवाधरनं तुटतंय?”

 महिनाभर कंपनीवाल्यांना फोनवरून झापत होते, आणि पाट अडवला होता मीच!

आमचे हे कोठी ओढायला वाकले. “ऱ्हाऊ द्या, कंबर जाईल,” व्याही म्हणाले, “पानी उंचावरनं सोडत्यात.” आणि पेटी वरच्या फळीवर चढवली.

दोन वाजता सुनेनं दार लावून घेतलं. व्याही परात मांडीवर घेऊन बाहेर राखणीला बसले. तासभर कुणाला खोकू दिलं नाही. दार उघडलं, तर मुलाखत कशी झाली हे विचारलंच नाही.

“पानी पोचलं का गं?”

“शेवटपर्यंत, दादा.”

व्याह्यांनी टोपी काढून डोळे पुसले. वर मलाच म्हणतात, “खडू लई उडतोय हितं.”

नोकरी लागली गं! सूनबाई आता घरातूनच काम करते, हसतमुख असते, आणि नेट एकदाही तुटलेलं नाही. घोळ झाला तो इथंच. लेकीच्या घरी कारणाशिवाय पाऊल ठेवायचं नाही, असा या गृहस्थांचा नेम. आठवड्याला फोन येतो, “बरं चाललंय ना नेट?” मी बरं म्हटलं की ‘मग माझं काय काम न्हाई’ म्हणून फोन ठेवतात. ‘तुटलंय’ असं खोटं माझ्या अगदी जिभेवर येतं.

व्याहीबुवा, तुमची लेक काम करता करता फाटकाकडे बघते, हे काय कारण नाही? काहीही बिघडलेलं नसताना या. लवकर या.