भट्टीपाशी पहारा

१९९४ साली भिंगारच्या सहादूकडे जुन्या बॅटऱ्यांतलं शिसं वितळून पुन्हा बॅटऱ्यांतच जायचं. पण सोनारासमोर बसावं तशी गिऱ्हाइकं भट्टीपाशी ठाण मांडत, आपलं शिसं बदलू नये म्हणून. ‘आपल्यावर एकाचा तरी भरवसा बसावा,’ एवढीच सहादूची इच्छा होती.

देवळालीच्या भागिरथीबाई ट्रॅक्टरची बॅटरी घेऊन अशाच बसल्या. शिसं कमी पडलं.

“मावशी, दुसरं थोडं घालावं लागंल.”

“कुनाचं?”

“मिलिटरीच्या ट्रकचं.”

बाईंनी विचार केला. “घाला. पर त्याला म्हनावं, आमच्याकडं ऊस वाहायचा, लढाईला जायचं न्हाई.”

आणि त्या खुशाल चहा प्यायला निघून गेल्या. त्या दिवशी सहादूनं शिसं जरा जास्तच जपून ओतलं.